सोनगडची वेस आणि लंडनची वाट

नवापूर स्थानकावरचे एक बाकडे अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ती सीमा १ मे १९६० ची. तिच्याही पश्चिमेला एक जुनी वेस होती आणि ती आज कोणत्याच नकाशावर दिसत नाही. १९६० पर्यंत उच्छलचा मुलूख नवापूर तालुक्यातच, म्हणजे पश्चिम खानदेशात होता. उच्छल ओलांडले की गायकवाडांचा नवसारी प्रांत लागे आणि त्यात पहिले मोठे ठाणे सोनगड, गायकवाड घराण्याची पहिली गादी. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले तोवर या वेशीच्या दोन बाजूंना दोन सरकारे होती. जंगल तेच, तापीचे खोरे तेच, वसावे, गावित, मावची, कोकणी, भिल्ल ही माणसेही तीच. पूर्वेकडे प्रत्यक्ष ब्रिटिशांचे राज्य होते आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन ही त्यांच्याच घरची विद्यापीठे होती. तरी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला वळण देणारा विद्यार्थी परदेशी गेला तो पश्चिमेकडच्या, देशी संस्थानाच्या पैशावर. मराठी माणसाच्या विलायती शिक्षणाचा इतिहास आपण बुद्धिमान माणसांच्या चरित्रांमधून वाचत आलो. बुद्धिमत्तेचे मोल कमी नाही. पण कोण बोटीवर चढले, कोण धक्क्यावरच राहिले आणि कोणाला अर्ध्यातून परतावे लागले, हे बुद्धीने ठरवलेले नाही. ते शिष्यवृत्तीच्या अटींनी ठरवले. रक्कम किती होती यापेक्षाही ती कोणाच्या हातात होती, किती वर्षांची होती आणि देणाऱ्याला कोण दिसत होते, या गोष्टी निर्णायक ठरल्या, असे मला वाटते.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाने येईल. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा, घरची स्थिती साधी, फर्ग्युसन कॉलेजातून १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिला येऊन सीनिअर रँग्लर झाला. हा बुद्धीचा विजय नाही तर काय, असे कोणीही विचारील. तो बुद्धीचाच विजय आहे, पण ती बुद्धी केंब्रिजपर्यंत पोचली हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे. अशा शिष्यवृत्त्या वर्षाला अगदी मोजक्या असत. आता याच जातीची शिष्यवृत्ती दुसऱ्या एका नावापुढे ठेवून पाहावी. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पदवी परीक्षेत त्यांनी असे यश मिळवले की विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडेच यायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. शेवटी इंग्लंडमधल्या काही स्त्रियांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता आणि १८८९ साली सोराबजी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी द्यायची नाही हा विद्यापीठाचा नियम १९२० साली बदलला आणि ती पदवी त्यांच्या हाती आली ती १९२२ सालीच. परांजप्यांपेक्षा सोराबजी बुद्धीने उण्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. फरक पडला तो शिष्यवृत्तीच्या नियमातल्या, कागदावर न लिहिलेल्या एका अटीमुळे.

त्याच १८८९ साली रखमाबाई लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. बालपणी लागलेले लग्न नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, साऱ्या देशात गाजल्या होत्या. त्यांना कोणत्या सरकारने पाठवले नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉक्टर एडिथ पीची आणि इतर हितचिंतकांच्या मदतीवर त्या गेल्या, शिकल्या आणि परतल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरतेत स्त्रियांच्या दवाखान्यात दीर्घकाळ काम केले. सुरत म्हणजे नवापूरहून जाणाऱ्या गाडीचे शेवटचे टोक. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली तेव्हा लंडनला शिकलेली मराठी डॉक्टर या मार्गाच्या एका टोकाला काम करत होती. मधल्या जंगलातल्या खेड्यांतून मात्र एखादे मूल त्या वाटेने पुढे जाईल, अशी कल्पनासुद्धा कोणत्या कचेरीत कोणी केली नव्हती.

पैसा देणाऱ्याचा डोळा किती महत्त्वाचा असतो हे पुढच्या दशकात आणखी उघड झाले. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर लंडनला गेले ते शिवाजी शिष्यवृत्तीवर. श्यामजी कृष्णवर्मा यांच्याकडे शिफारस केली होती टिळकांनी. या शिष्यवृत्तीची अट सरकारी शिष्यवृत्तीच्या अगदी उलटी होती: घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. ती रक्कम सगळ्या खर्चाला पुरणारी नव्हती, म्हणून जव्हार संस्थानात अधिकारपदावर असलेले सासरे भाऊराव चिपळूणकर यांनीही हातभार लावला. सरकारनेही हे सगळे पाहिलेच. १९०७ साली ली-वॉर्नर समिती नेमून विलायतेतल्या हिंदी विद्यार्थ्यांची पाहणी झाली. १९०९ साली लंडनमध्ये त्यांच्यासाठी माहिती कचेरी उघडली गेली. विद्यार्थ्यांना तिथे मदत मिळे, पण आपल्यावर नजर ठेवण्यासाठीच ती कचेरी आहे असा त्यांचा संशयही होता. म्हणजे त्या काळात विलायतेला जाणाऱ्या पोरापुढे तीन थैल्या होत्या. एक सरकारची, दुसरी सरकारविरोधी देशभक्तांची आणि तिसरी बापाची किंवा सासऱ्याची. तिन्ही थैल्या ज्यांच्यासाठी उघडत ते बहुतेक शहरातले, शिकलेल्या घरातले, वरच्या जातींतले. या तिन्हींबाहेरचे एक दार बडोद्याने उघडले.

सयाजीराव गायकवाड तिसरे हे कवळाण्याचे. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले हे खेडे खानदेशाच्या अगदी कडेला आहे. बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षरओळखही नसलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला. शिक्षणाविषयीची त्यांची तळमळ पुस्तकातून आली नव्हती. १९१३ साली कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी ज्या तरुणाला पूर्वीच हेरले होते त्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याने अमेरिकेला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि ४ जून १९१३ रोजी सही झालेला करार: परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करायची. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. कोलंबिया विद्यापीठातले काम आटोपून मुदत वाढवून घेत आंबेडकर १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला आले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. आणि १९१७ च्या जूनमध्ये परत निघाले. अभ्यास अपुरा होता, पैसे संपले होते. ते वर्गात मागे पडलेले नव्हते. शिष्यवृत्तीची तारीख संपली, एवढेच. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती युद्धात पाणतीराने बुडाली आणि त्या सामानाच्या भरपाईचे जे पैसे मिळाले त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्याला काय झाले ते महाराष्ट्र जाणतो. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही, पारशी मुसाफिरखान्यातूनही बाहेर काढले गेले आणि काही दिवसांतच त्यांना मुंबईला परतावे लागले. या प्रसंगाकडे आपण अन्यायाची कथा म्हणून पाहतो आणि ती तशीच आहे. पण शिष्यवृत्तीच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ आहे. करार एकतर्फी होता. विद्यार्थ्याने दहा वर्षे नोकरी करायची हे त्यात होते. त्याला राहायला छप्पर मिळेल, कचेरीत शिपाई त्याच्या हातात फाइल देईल, ही जबाबदारी संस्थानाने घेतलेली नव्हती. महाराजांची दृष्टी मोठी होती, त्यांच्या राजधानीची नव्हती. नवा मनुष्य घडवून त्याला जुन्याच घरात परत पाठवले की शिष्यवृत्तीचे पैसे अर्धे वाया जातात. हा धडा १९१७ सालीच मिळाला होता.

त्यानंतरची तीन वर्षे आंबेडकरांनी पैसे जमवण्यात घालवली. १९१८ च्या नोव्हेंबरपासून सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची सवलत संपायच्या आत. पुढची वर्षे त्यांनी अर्धपोटी काढली, पण कामे कशी एकापाठोपाठ उरकली ते पाहावे: १९२१ च्या जूनमध्ये एम.एस्सी., १९२२ च्या जूनमध्ये बॅरिस्टर, १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.चा प्रबंध सादर. परीक्षकांनी फेरबदल मागितले, तेव्हा एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, तिथून सुधारलेला प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो मान्य झाला. डिसेंबरात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो छापून आला, प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बडोद्याची शिष्यवृत्ती १९१६-१७ सालीच आणखी दोन वर्षे वाढली असती तर हे सारे चार वर्षे आधी झाले असते. शाहूंची मदत आणि भथेनांचे कर्ज नसते तर ते कदाचित झालेच नसते. माणूस तोच, बुद्धी तीच. या दोन शक्यतांमध्ये अंतर आहे ते केवळ पैशाच्या मुदतीचे.

आता वेशीच्या पूर्वेकडे वळू. खानदेशातल्या भिल्लांसाठी ब्रिटिश सरकारने काय केले, याचे उत्तर पहिल्यांदा १८२५ सालच्या खानदेश भिल्ल कोअरमध्ये मिळते. ब्रिटिश अधिकारी आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली, बंड शमले, आणि सरकारच्या लेखी भिल्लाची उपयुक्तता ठरली ती शिपाई म्हणून. १८७८ च्या जंगल कायद्याने त्यांची उपजीविका सरकारी परवान्याखाली आली. सरकारचे त्यांच्याशी असलेले नाते पोलीस, जंगल आणि महसूल या तीन खात्यांतून जाई आणि शिक्षण खात्याचा नंबर फार उशिरा लागे. याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुर्डीचा मुलगा केंब्रिजला जाऊ शकला, कारण मुर्डीहून पुण्याच्या फर्ग्युसनपर्यंतची वाट आधीच बांधलेली होती. नवापूरहून अशी वाट कुठेच जात नव्हती. देशाच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या झारखंडातल्या खुंटीजवळच्या टकरा गावचा मुंडा मुलगा जयपाल सिंग ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोचला, १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या हॉकी संघाचा कप्तान झाला आणि पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाला. पण त्याला नेले ते मिशनने, कॅनन कॉसग्रेव्ह यांनी, धर्मसेवेची अपेक्षा मनात ठेवून. सरकारी थैलीला तोही दिसला नव्हता. चर्चला दिसला, म्हणून गेला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: जिथे गावात शाळा नव्हती, तिथे लंडनची गोष्ट कशाला काढता? आधी मुळाक्षरे, मग विद्यापीठ, हा क्रम नैसर्गिक नाही का? हा युक्तिवाद आजही कचेऱ्यांत ऐकू येतो. त्याला उत्तर सोनगडच्या वेशीपलीकडेच आहे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात नेले. सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. आणि त्याच काळात परदेशी शिष्यवृत्त्याही दिल्या. एकाच राजाने एकाच खजिन्यातून दोन्ही टोके एकदम धरली. यामागे साधा हिशेब होता. खालच्या शाळेत शिकवायला, तिची तपासणी करायला, तिच्यासाठी कायदा करायला जी माणसे लागतात ती वरच्या शिक्षणातूनच येतात आणि ती त्या समाजातून आली नाहीत तर शाळा कायम परक्याचीच राहते. 'आधी पाया' म्हणणाऱ्यांनी शंभर वर्षांत पाया तरी पुरा केला का, हाही प्रश्न विचारायला हवा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी, आणि राज्याची सरासरी ८२ टक्क्यांवर होती. शिखर नाकारून पाया भक्कम झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर थैली संविधानाच्या हातात आली. १९५४-५५ पासून केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. या टप्प्यावर ब्रिटनकडचे चित्रही बदलले आणि ते आपल्याकडे फारसे कोणी जोडून पाहत नाही. आंबेडकरांच्या काळात लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्याला इंग्रज विद्यार्थ्याहून वेगळी फी नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांना जास्त फी हा नियम १९६७ साली आला आणि १९८० पासून त्यांच्याकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल होऊ लागला. म्हणजे ज्या पिढीत खानदेशातली आदिवासी मुले पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचत होती, त्याच पिढीत विलायतेचे दार कित्येक पटींनी महाग झाले. आंबेडकर १९२० नंतर शिष्यवृत्तीशिवाय, अर्धपोटी राहून अभ्यास पुरा करू शकले. आजच्या विद्यार्थ्याला तशी सोय उरलेली नाही. आता व्हिसाच्या अर्जाआधी पैसे सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात, नाहीतर सरकारी प्रायोजकाचे पत्र लागते. आरोग्य अधिभारच वर्षाला ७७६ पौंड आहे. खाजगी कर्जावर शहरातले घर हे पेलू शकते. कोरडवाहू शेतीचे घर पेलू शकत नाही. म्हणून शिष्यवृत्तीचे महत्त्व १९१३ पेक्षा आज जास्त आहे, कमी नाही.

आणि तिची रुंदी पाहा. अनुसूचित जमातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा साऱ्या देशाला मिळून वर्षाला २० आहेत, त्यातल्या ३ विशेष दुर्बल आदिवासी समूहांसाठी. २०११ साली देशात आदिवासींची संख्या दहा कोटींच्या वर होती आणि एकट्या नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ६९ टक्के होते. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी २००३ पासून आहे आणि आदिवासी विकास विभागाचीही स्वतःची योजना आहे. ही मोठी पावले आहेत, त्यांना कमी लेखू नये. पण अटींचा जुना रोग इथेही डोके वर काढतो. २०२२ साली अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या केंद्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ साली कोलंबियात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला, तसे काम करायला आज या योजनेतून पैसे मिळणार नाहीत. भारताविषयीचा अभ्यास भारतातच व्हावा, परदेशी विद्यापीठांना पैसे कशाला द्यावेत, हा त्यामागचा युक्तिवाद वरवर योग्य वाटतो. पण रुपयाचा प्रश्न लंडनमध्ये बसूनच लंडनच्या धोरणावर टीका करत सोडवला गेला. दुरून, वेगळ्या ग्रंथालयात, वेगळ्या गुरूंच्या समोर आपल्या देशाकडे पाहणे हे ज्ञानाचे एक साधन आहे आणि ते आजवर सत्तेबाहेर राहिलेल्या समाजांनाच सर्वांत जास्त लागते.

जाणारे परत येत नाहीत, हा शेवटचा आक्षेप. या लेखात आलेली मराठी मुलखातली नावे पुन्हा वाचावीत. परांजपे केंब्रिजची फेलोशिप मिळूनही फर्ग्युसनला आले. रखमाबाई सुरतेला आल्या. आंबेडकर दोनदा आले आणि पहिल्या परतीला राजधानीनेच त्यांना दार लावले. परतण्याचा प्रश्न विद्यार्थ्याच्या निष्ठेपेक्षा परतल्यावर हातात काय काम येते याचा जास्त आहे.

नवापूरच्या मुलामुलींपुढे आजही हा रस्ता चढाचा आहे. घरात मावची किंवा कोकणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि विलायतेची प्रवेशपरीक्षा चौथ्या भाषेत. हे ओझे त्यांचे बळही आहे, पण त्याला वेळ लागतो आणि वेळेचाच हिशेब योजनांत चुकतो. म्हणून नंदुरबारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि मंत्रालयातल्या आदिवासी विकास विभागाकडे मागणे सरळ आहे. परदेश शिष्यवृत्तीची माहिती पदवीनंतर नव्हे, आश्रमशाळेत नववीतच द्या. इंग्रजीच्या तयारीचा खर्च योजनेतच धरा. अभ्यासक्रम लांबला तर मुदत आपोआप वाढेल असे नियमात लिहा. ब्रिटनची विद्यापीठे सप्टेंबरात उघडतात. प्रवेशाची अनामत भरण्याची तारीख त्याच्या कितीतरी आधी येते. निवडीचा निकाल त्या तारखेच्या आधी लावा.